घरातल्या जुन्या नॅसवर पर्यायी लिनक्स फर्मवेअर कसे बसते

दोन हार्ड डिस्क मावतील एवढा डबा, मागे नेटवर्कची तार, पुढे दोन-तीन दिवे आणि आत हळू आवाजात फिरणारा पंखा, असे घरगुती नेटवर्क स्टोरेजचे रूप असते. त्याला सर्रास नॅस म्हणतात. घरातल्या सगळ्या संगणकांवरचे फोटो, कागदपत्रे आणि चित्रफिती एका जागी ठेवणे हे त्याचे काम, आणि ते असा डबा दहा-बारा वर्षेही विनातक्रार करतो. मग एके दिवशी घरात नवा संगणक येतो आणि त्याला हा डबा दिसतच नाही. डिस्क फिरत असते, दिवा लागलेला असतो, जुन्या लॅपटॉपवरून फायलीही उघडत असतात. नवा संगणक मात्र नेटवर्कवर असे काही नाहीच, या मतावर ठाम असतो.

बिघाड यंत्रात झालेला नसतो. फायलींची देवाणघेवाण करण्यासाठी संगणक आणि नॅस एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलने बोलतात. त्याची पहिली पिढी १९८० च्या दशकातली आहे आणि आजच्या मापाने ती असुरक्षित मानली जाते. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसएमबी-१ आपोआप चालू राहत नाही. लिनक्सच्या बाजूला हेच काम करणाऱ्या सांबा या प्रणालीनेही २०१९ मधील ४.११ आवृत्तीत ती पिढी मुळातच बंद ठेवली. जुन्या नॅसला मात्र तेवढीच भाषा येते, कारण त्यातला सांबा कंपनीने उपकरण विकले त्या काळचा आहे आणि कंपनीने त्यानंतर काही वर्षांत अपडेट देणे थांबवले. संगणकावर एसएमबी-१ पुन्हा चालू करून वेळ भागवता येते, पण तसे करणे म्हणजे घरातल्या एका जुन्या कुलपाची किल्ली सापडत नाही म्हणून सगळीच दारे उघडी टाकणे होय. दुसरा मार्ग आहे तो नॅसच्या आतली प्रणालीच बदलण्याचा, आणि हा लेख त्याविषयी आहे.

डब्याच्या आत काय असते

नॅस हा एक लहान संगणक आहे, हे एकदा नीट ध्यानात आले की पुढच्या बहुतेक गोष्टींचे गूढ राहत नाही. डी-लिंक कंपनीचा डीएनएस-३२३ हा एकेकाळी बराच प्रसार असलेला डबा उदाहरणादाखल घेऊ. त्यात मार्व्हेल कंपनीचा ५०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, ६४ मेगाबाइट रॅम, गिगाबिट नेटवर्क आणि दोन साटा डिस्कसाठी जागा आहे. पडदा आणि कळफलक नाहीत, एवढाच वरवर दिसणारा फरक. आतला खरा फरक असा की त्याची ऑपरेटिंग प्रणाली हार्ड डिस्कवर नसून मदरबोर्डवर चिकटवलेल्या ८ मेगाबाइटच्या फ्लॅश चिपमध्ये असते. या चिपमध्ये लिहिलेल्या मजकुराला फर्मवेअर म्हणतात.

त्या ८ मेगाबाइटची वाटणी पाहण्यासारखी आहे. पहिले दोन भाग प्रत्येकी ६४ किलोबाइटचे असून त्यांत आपण केलेल्या सेटिंग राहतात. तिसरा भाग १,५३६ किलोबाइटचा, त्यात लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. चौथा सर्वांत मोठा, ६,३३६ किलोबाइटचा. त्यात सांबा, वेबपान दाखवणारा लहान सर्व्हर आणि बाकीची सगळी अवजारे दाबून बसवलेली असतात. शेवटचे १९२ किलोबाइट यू-बूट नावाच्या बूटलोडरचे, म्हणजे प्रणालीला जागे करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे. बेरीज केली तर बरोबर ८,१९२ किलोबाइट होतात, म्हणजे एक किलोबाइटही मोकळा सोडलेला नाही. पर्यायी फर्मवेअर लिहिणाऱ्यांना याच चौकटीत राहावे लागते. कर्नल कितीही नवे घ्यायचे म्हटले तरी ते दाबून दीड मेगाबाइटच्या आत बसले पाहिजे, आणि नवी कर्नले तर वर्षागणिक फुगत चालली आहेत. जुन्या उपकरणांचा पाठिंबा अनेकदा बंद पडतो तो कोणी दुष्टपणा केला म्हणून नव्हे, तर भांडे लहान आणि भात जास्त झाला म्हणून.

वीज सुरू झाली की प्रोसेसर प्रथम यू-बूटकडे जातो. यू-बूट फ्लॅशमधल्या ठरलेल्या जागेवरून कर्नलची प्रत रॅममध्ये उतरवून घेते. या प्रतीच्या आरंभी ६४ बाइटचे एक शीर्ष असते आणि त्यात एक ठरावीक ओळखक्रमांक व मजकुराची बेरीज-खूण, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारी एक संख्या, नोंदलेली असते. ती जुळली तर यू-बूट ताबा कर्नलकडे देते आणि स्वतः बाजूला होते. कर्नल चौथ्या भागातली आपली फाइल सिस्टीम उघडते, नेटवर्क आणि इतर सेवा सुरू करते, आणि डिस्क जोडते. म्हणजे या जातीच्या उपकरणात डिस्कवर केवळ आपला डेटा असतो. प्रणाली फ्लॅशमध्ये, तिला जागे करणारे यू-बूट फ्लॅशच्याच दुसऱ्या कोपऱ्यात. काही कंपन्यांच्या नॅसमध्ये प्रणालीचा मोठा भाग प्रत्येक डिस्कवरच्या एका राखीव पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या आखलेल्या भागात, असतो. तेथे हिशेब वेगळा, आणि पुढचे वर्णन त्यांना जसेच्या तसे लागू करू नये.

या मांडणीतून निघणारी एक गोष्ट संपूर्ण लेखात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फर्मवेअर बदलताना कर्नलचा आणि फाइल सिस्टीमचा भाग पुसून नवा लिहिला जातो. यू-बूटच्या १९२ किलोबाइटना हात लागला नाही, तर बाकी काहीही बिघडले तरी उपकरण परत आणता येते, कारण वीज आल्यावर पहिले पाऊल टाकणारे यू-बूट शाबूत असते. यू-बूटच खराब झाले तर मात्र घरगुती साधनांनी फारसे काही करता येत नाही. उपकरणाची 'वीट झाली' असे जे म्हटले जाते, त्यातल्या बहुतेक विटा कच्च्या असतात. पक्की वीट होते ती बूटलोडर गेल्यावर. म्हणून कुठल्याही कृतीत बूटलोडर बदलण्याची पायरी दिसली की थांबावे आणि ती खरोखर अटळ आहे का, हे दोनदा तपासावे.

हे करता येते ते कशामुळे

लिनक्सचे कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. ते उपकरणात घालून विकणाऱ्याने त्याचा स्रोतही, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ प्रोग्राम, ग्राहकाला उपलब्ध करून दिला पाहिजे, अशी त्याची अट आहे. ही अट कागदावरची नाही, हे ज्या खटल्यांनी दाखवले त्यांतला एक नेमका नॅसविषयीच होता. कर्नलच्या विकासकांपैकी एक असलेल्या हॅराल्ड वेल्टे यांनी डी-लिंकच्या जर्मन शाखेविरुद्ध डीएसएम-जी६०० या नेटवर्क स्टोरेज उपकरणावरून दावा केला, आणि सप्टेंबर २००६ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने जीपीएलच्या अटी बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. कंपन्यांनी स्रोत खुला केल्यामुळे कोणत्या पत्त्यावर कोणती चिप आहे, दिवा कोणत्या पिनवर आहे, पंख्याचा वेग कोण ठरवते, हे बाहेरच्यांना वाचता आले.

या छंदाची सुरुवात ज्याने गाजवली तो डबा डीएनएस-३२३ हून लहान होता. लिंक्सिसने २००४ मध्ये आणलेल्या एनएसएलयू-२ मध्ये डिस्कच नव्हती. दोन यूएसबी तोंडे होती आणि डिस्क बाहेरून लावायची होती. ३२ मेगाबाइट रॅम, ८ मेगाबाइट फ्लॅश आणि २६६ मेगाहर्ट्झचा इंटेलचा एआरएम प्रोसेसर. त्यातही सुरुवातीच्या उपकरणांत तो निम्म्या वेगाने, म्हणजे १३३ मेगाहर्ट्झने चालवला जात असे, आणि बोर्डवरचा एक रेझिस्टर काढला की वेग दुप्पट होत असे. त्याच्या नावातल्या अक्षरांवरून त्याला 'स्लग', म्हणजे गोगलगाय, हे लाडके नाव पडले, आणि कंपनीचे मूळ फर्मवेअर थोडे सुधारून बनवलेल्या पर्यायाला 'अनस्लंग'. पुढे डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीच्या २००७ मधील ४.० आवृत्तीत या गोगलगाईवर पूर्ण डेबियन बसवण्याची अधिकृत सोय आली. त्या उपकरणाची खरी खुबी बूटलोडरमध्ये होती. मागचे बारीक बटण टाचणीने दाबून ठेवून वीज सुरू केली की ते नेटवर्कवरून नवे फर्मवेअर स्वीकारायला तयार होत असे. चुकले तर झाकण न उघडता पुन्हा प्रयत्न करता येई, आणि म्हणूनच इतक्या नवशिक्यांना धीर आला.

बदलावे की नाही

इथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. फर्मवेअर बदलल्याने जुना डबा वेगवान होत नाही. गिगाबिट नेटवर्कची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट असली तरी ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर त्यातला लहानसा हिस्साच पेलू शकतो, आणि नव्या प्रोटोकॉलचे ओझे थोडे जास्तच असते. चित्रफितींचे रूपांतर, फोटोंमधले चेहरे ओळखणे, असली कामे ६४ मेगाबाइट रॅमकडून होणार नाहीत.

बदलण्याची सबळ कारणे तीन. पहिले वर सांगितले, नव्या संगणकांशी बोलता येणे. यासाठी पर्यायी फर्मवेअरमध्ये सांबाची कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहावे. एसएमबी-२ चा पूर्ण पाठिंबा सांबामध्ये २०११ मधील ३.६ आवृत्तीपासून आहे, त्याहून जुना सांबा असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. दुसरे कारण मोठ्या डिस्कचे. जुनी पार्टिशन पद्धत सेक्टरचा, म्हणजे डिस्क मोजण्याच्या एका तुकड्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहिते, आणि सेक्टर ५१२ बाइटचा असल्याने सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढचे तिला मोजताच येत नाही. नवी जीपीटी पद्धत ओळखणारे कर्नल आणि अवजारे आली की ही भिंत जाते. याच विषयातली एक छोटी पण त्रासदायक गोष्ट म्हणजे जुनी अवजारे पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतात. आजच्या डिस्क आतून ४,०९६ बाइटच्या तुकड्यांत लिहितात आणि ६३ ला आठाने भाग जात नाही. त्यामुळे एक तुकडा लिहिताना डिस्कला दोन तुकडे हाताळावे लागतात आणि लिहिण्याचा वेग कारण न कळता घसरतो.

तिसरे कारण सुरक्षिततेचे. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या डीएनएस-३२०एल, ३२५, ३२७एल आणि ३४०एल या मॉडेलमधला दोष जाहीर झाला. फर्मवेअरमध्येच रिकाम्या पासवर्डचे एक खाते होते आणि त्याच्या आधारे बाहेरचा माणूस उपकरणावर हवी ती आज्ञा चालवू शकत होता. या मॉडेलची मुदत संपली असल्याने दुरुस्ती मिळणार नाही, उपकरण बदला, असे कंपनीचे उत्तर होते. त्याआधी जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह उपकरणांमधला डेटा इंटरनेटवरून आलेल्या आज्ञेने पुसला गेला. त्यांचे फर्मवेअर २०१५ नंतर अपडेट झालेले नव्हते. तरीही पर्यायी फर्मवेअर म्हणजे आपोआप सुरक्षित, असे मानू नये. तेही हौशी माणसांच्या फावल्या वेळावर चालते आणि जुने होते. जुना नॅस, फर्मवेअर कोणतेही असो, राउटरच्या आतच राहावा. बाहेरून त्याच्यापर्यंत जाणारा कोणताही पोर्ट उघडा ठेवू नये.

फ्लॅशला हात लावण्याआधी

पहिले काम कंटाळवाणे आहे, म्हणून बहुतेकजण ते टाळतात. दोन्ही डिस्कमधला डेटा तिसऱ्या, नॅसबाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. आपल्याकडे रेड-१ आहे, दोन्ही डिस्कवर एकच मजकूर आहे, मग बॅकअप कशाला, असा प्रश्न हमखास विचारला जातो. रेड-१ एका डिस्कच्या मरणापासून वाचवते. चुकीच्या आज्ञेने डेटा पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी आणि अगदी इमानेइतबारे पुसला जातो. प्रत झाल्यावर डिस्क उपकरणातून काढून बाजूला ठेवाव्यात. फर्मवेअर बसवण्यासाठी त्यांची गरज असेल तर एखादी जुनी, रिकामी डिस्क वापरावी.

दुसरे काम म्हणजे डब्याच्या तळाचे लेबल वाचणे. मॉडेलचे नाव सारखे असूनही आतला बोर्ड वेगळा असू शकतो. डीएनएस-३२३ चेच ए१, बी१, सी१ असे हार्डवेअरचे वेगवेगळे अवतार निघाले. पहिल्या अवतारांत तापमान मोजणारी एक चिप आणि पंख्याचा वेग राखणारी दुसरी चिप आहे. सी१ मध्ये पंख्याची ती चिप नाही. भलत्याच अवतारासाठीचे फर्मवेअर घातले तर उपकरण सुरू होईलही, पण पंखा फिरणार नाही, आणि ते कळेपर्यंत डिस्क तापलेल्या असतील.

तिसरे काम फ्लॅशची प्रत घेण्याचे. कंपनीचे मूळ फर्मवेअर अजून चालू असताना, कमांड लाइनपर्यंत, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या जागेपर्यंत, पोचून, फ्लॅशच्या पाचही भागांची स्वतंत्र फाइल करून संगणकावर उतरवावी. पाचही मिळून ८ मेगाबाइट, म्हणजे एखाद्या मोठ्या फोटोएवढीच जागा. कंपनीच्या संकेतस्थळावरून मूळ फर्मवेअरची फाइल नंतरही मिळेल, या भरवशावर राहू नये. मुदत संपलेल्या मॉडेलची पाने काढून टाकली जातात. शिवाय बूटलोडर आणि आपल्या सेटिंगचे भाग त्या फाइलमध्ये नसतात. फाइलचा आकार भागाच्या आकाराशी तंतोतंत जुळतो का ते पाहावे आणि प्रत दोनदा घेऊन दोन्हींची बेरीज-खूण सारखी येते का तेही पाहावे.

बूटलोडरशी बोलण्याची वाट

बोर्डवर कुठेतरी चार किंवा पाच पिनांची, कधी नुसत्या छिद्रांची, एक रांग असते. ही सिरीयल कन्सोलची जागा. उपकरणाला पडदा नसला तरी ते सुरू होताना काय करते आहे त्याचा वृत्तान्त या तारांवर सतत बोलत असते. ऐकण्यासाठी यूएसबीला लागणारा एक लहान सिरीयल अडॅप्टर लागतो, आणि तो ३.३ व्होल्टचाच हवा. जुन्या संगणकांच्या मागचे नऊ पिनांचे सिरीयल तोंड दिसायला याच कामाचे वाटते, पण त्यावर दहा-बारा व्होल्टही असू शकतात आणि ते लावताच बोर्डवरची चिप जळू शकते.

तारा तीनच जोडायच्या: जमीन, पाठवणारी आणि घेणारी. उपकरणाची पाठवणारी पिन अडॅप्टरच्या घेणाऱ्या पिनला, आणि उलट. विजेची पिन मोकळी सोडावी, कारण उपकरणाला स्वतःची वीज आहे. संगणकावरच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग ११५२०० ठेवावा, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. वीज सुरू केली की पडद्यावर यू-बूटची आवृत्ती, रॅमचा आकार, फ्लॅशचा आकार असा मजकूर धावू लागतो. काहीच आले नाही तर दहांतल्या नऊ वेळा पाठवणारी आणि घेणारी तार उलटी लागलेली असते. अदलाबदल करून पाहावी, त्याने नुकसान होत नाही. मजकूराऐवजी कचरा आला तर वेग चुकला.

यू-बूट कर्नल सुरू करण्यापूर्वी दोन-तीन सेकंद थांबते आणि त्या अवधीत ठरलेली कळ दाबली तर ते पुढे न जाता आपल्या आज्ञेची वाट पाहते. इथून टीएफटीपी नावाच्या साध्या प्रोटोकॉलने संगणकावरची फाइल नेटवर्कमार्गे थेट रॅममध्ये उतरवता येते आणि तेथूनच ती चालवता येते. फ्लॅशवर एक अक्षरही न लिहिता नवे कर्नल पाहून घेण्याची ही सोय आहे.

माझा स्वतःचा एक डबा याच वाटेने परत आला. मॉडेलचे नाव जुळले म्हणून मी तळाचे लेबल न पाहता फाइल लिहिली. दिवा लुकलुकत राहिला, नेटवर्कवर उपकरण आले नाही. वीस मिनिटे वाट पाहिल्यावर झाकण उघडले, तारा जोडल्या, तेव्हा पडद्यावर कळले: 'अनकम्प्रेसिंग लिनक्स', मग काही ठिपके, मग 'बूटिंग द कर्नल', आणि त्यानंतर शांतता. यू-बूटने आपले काम चोख केले होते. खूणही जुळली होती. फक्त ते कर्नल दुसऱ्याच बोर्डसाठी बांधलेले होते, त्यामुळे जागे झाल्यावर त्याला आपले हातपाय कुठे आहेत हेच कळत नव्हते. जतन केलेली मूळ प्रत टीएफटीपीने उतरवून पुन्हा फ्लॅशमध्ये लिहिली आणि डबा पूर्वीसारखा सुरू झाला. प्रत नसती तर तो अजून कपाटात पडून असता.

आधी रॅममध्ये, मग फ्लॅशमध्ये

डी-लिंकच्या या कुळातल्या उपकरणांत एक मजेशीर फट आहे. मूळ फर्मवेअर सुरू होताना शेवटी पहिल्या डिस्कवर 'फन प्लग' नावाची फाइल आहे का ते पाहते, आणि असल्यास ती पूर्ण अधिकारांनिशी चालवते. एवढ्या एका दारातून सगळे आत शिरले. या फाइलच्या साहाय्याने मूळ फर्मवेअर तसेच ठेवून त्यावर हवी ती जादा अवजारे चालवता येतात. डीएनएस-३२० पासून ३२७एल पर्यंतच्या काही मॉडेलसाठी असलेले आल्ट-एफ हे पर्यायी फर्मवेअर या फटीचा त्याहून चतुर उपयोग करते. चालू असलेले जुने कर्नल रॅममधूनच बाजूला सारून त्या जागी नवे कर्नल सुरू करता येते. नवी प्रणाली वापरून पाहावी, पंखा फिरतो का, दोन्ही डिस्क दिसतात का, नेटवर्कचा वेग कसा आहे, बटणे चालतात का, हे सगळे तपासावे. पसंत पडले नाही तर वीज बंद करून पुन्हा सुरू केली की जुने फर्मवेअर जसेच्या तसे हजर. ज्या उपकरणात अशी सोय आहे तेथे ती न वापरता थेट फ्लॅशवर लिहिणे मला अनाकलनीय वाटते.

चाचणी समाधानकारक झाली की लिहिण्याचे काम उलट अगदी छोटे आहे. पर्यायी फर्मवेअरची फाइल कंपनीच्याच अपडेटच्या पानाला पटेल अशा वेष्टनात बांधलेली असते; पान वेष्टनावरची मॉडेलची खूण आणि बेरीज तपासते आणि ती जुळल्यावर आतला मजकूर फ्लॅशवर लिहिते. काही नव्या उपकरणांत कंपनीची डिजिटल सही तपासली जाते, आणि सही नसलेले फर्मवेअर ती स्वीकारतच नाहीत. लिहिताना फ्लॅशचा एकेक ठोकळा आधी पुसावा लागतो आणि मग भरावा लागतो, म्हणून त्या काही मिनिटांत वीज गेली तर अर्धे जुने आणि अर्धे पुसलेले अशी अवस्था होते. नॅस आणि राउटर दोन्ही यूपीएसवर असावेत, संगणक वायफायवर नसून तारेने जोडलेला असावा, आणि पान अडकल्यासारखे वाटले तरी उतावीळपणे वीज बंद करू नये.

नंतरच्या उपकरणांत नॅण्ड प्रकारची, मोठी आणि स्वस्त फ्लॅश आली. तिच्यात काही ठोकळे कारखान्यातूनच खराब असतात. त्यामुळे तेथे सरळ एका टोकापासून लिहीत जाता येत नाही. खराब ठोकळे वगळणारे अवजार वापरावे लागते. जुन्या फ्लॅशची कृती नॅण्डवर वापरणे ही चुकांमधली नेहमीची चूक आहे.

बसवल्यानंतरचे दिवस

आल्ट-एफसारख्या फर्मवेअरमध्ये संपूर्ण प्रणाली सुरू होताना रॅममध्ये उलगडली जाते. यामुळे फ्लॅशची झीज होत नाही, पण केलेला बदल वेगळा जतन केला नाही तर पुढच्या वेळी तो नाहीसा होतो. संध्याकाळभर बसून खाती, फोल्डर आणि परवानग्या ठरवल्या, रात्री वीज गेली आणि सकाळी डबा पुन्हा कोरा, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक नव्या वापरकर्त्याला एकदा येतोच. सेटिंग जतन करण्याचे बटण वेगळे असते, ते दाबावे. फ्लॅशमध्ये न मावणारी मोठी पॅकेज डिस्कवर बसतात. डिस्क काढली की तीही गेली.

डिस्कच्या बाबतीत दिलासा असा की कंपनीचे मूळ रेड बहुधा लिनक्सचेच नेहमीचे सॉफ्टवेअर रेड असते आणि फाइल सिस्टीमही एक्स्ट-२ किंवा एक्स्ट-३. पर्यायी फर्मवेअर ते ओळखते, आणि वेळ आलीच तर रेड-१ मधली एक डिस्क साध्या लिनक्स संगणकाला लावूनही फायली वाचता येतात. मूळ डिस्क परत घालताना मात्र आधी एकच घालावी, ती केवळ वाचण्यापुरती जोडावी, आणि फायली दिसल्यावरच दुसरी घालावी. नवी प्रणाली डिस्क फॉरमॅट करू का असे विचारत असेल तर उत्तर नाही. मोठ्या डिस्कची तपासणी करणारा प्रोग्राम ६४ मेगाबाइट रॅममध्ये मावत नाही, म्हणून रॅम अपुरी पडल्यावर तिच्या जागी वापरायचे स्वॅप पार्टिशन डिस्कवर ठेवावे लागते. ते नसेल तर तपासणी मध्येच बंद पडते आणि दोष डिस्कचाच आहे असा भलता समज होतो.

कंपनीच्या चौकटीतले लहान फर्मवेअर नको, पूर्ण डेबियनच हवे, असे ज्यांना वाटते त्यांनी रॅमकडे पाहावे आणि काळाकडेही. १२८ मेगाबाइटच्या खाली डेबियन चालते, पण रडतखडत. शिवाय या जुन्या ३२-बिट एआरएम प्रोसेसरसाठीच्या आर्मेल प्रकारात २०२५ च्या डेबियन १३ ने इन्स्टॉलर दिलेला नाही, आणि ही त्या प्रकाराची शेवटची आवृत्ती आहे. झायक्सेलच्या एनएसए-३२५ सारख्या काही डब्यांवर ओपनडब्ल्यूआरटी बसते. ते मुळात राउटरसाठीचे असले तरी लहान फ्लॅश आणि अपुरी रॅम यांच्याशी संसार करायची त्याला सवय आहे.

सगळे सुरळीत झाल्यावर मी एक कागदाची चिठ्ठी डब्याच्या तळाशी, लेबलाच्या शेजारी चिकटवतो. तिच्यावर बोर्डचा अवतार, बसवलेल्या फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख, सिरीयल पिनांचा क्रम, ११५२०० हा वेग, आणि मूळ फ्लॅशच्या पाच फायली कुठे ठेवल्या आहेत ते लिहिलेले असते. त्या पाच फायली नॅसवर मात्र ठेवू नयेत.